खंडेनवमीला पाटावर ठेवलेले सेल

माझ्या कानातलं आताचं यंत्र शेंगदाण्याएवढं आहे आणि मोठं शहाणं आहे. चार्ज संपत आला की आधी कानात एक टिंग करतं, थोड्या वेळाने दुसरं, आणि मग जातं. तरीही ते पहिलं टिंग ऐकलं की हातातलं काम टाकून मी घरात कोण कुठे आहे ते बघत फिरते. मुलगा हसतो. तो आता दाढी करतो, बंगळुरात नोकरी करतो आणि सुट्टीला आला की मला शिकवतो, "आई, चार्जिंगला लाव ना, एवढं काय घाबरायचं?" याला काय सांगायचं! ज्याच्यापायी ही भीती अंगात शिरली त्याला त्यातलं काहीही आठवत नाही, कारण तेव्हा तो दीड वर्षाचा होता.

माझे कान लहानपणीच गेले, परभणीला असताना. विषमज्वर झाला आणि त्यावर इंजेक्शनं दिली. तापाने गेले की औषधाने, यावर घरात पुष्कळ वाद झाले. कान काही परत आले नाहीत. बोलणं मात्र तोवर पक्कं झालं होतं, त्यामुळे मी तोंड उघडलं तर कुणाला संशय येत नसे. लग्नाच्या वेळी वडिलांनी "मुलीला जरा कमी ऐकू येतं" असं सांगितलं होतं. त्यातला 'जरा' हा त्यांनी पदरचा घातलेला होता. मशीन काढलं की माझ्यासाठी जग बंद व्हायचं. ढग गडगडले तर छातीत जाणवायचे, तेवढंच.

कानाचं मशीन म्हणजे त्या काळी काडेपेटीहून मोठा डबा. तो ब्लाउजच्या आत अडकवायचा आणि त्याची वायर गळ्यावरून कानात. डब्यात एक पेन्सिल सेल बसायचा. साधा, दुकानात मिळणारा. त्या सेलचा स्वभाव मला माणसासारखा पाठ होता. तो संपायला आला की आवाज लांब जायला लागायचे. शेजारी बसलेला माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्यासारखा वाटायचा, मग अंगणात, मग गल्लीत. यात एखादा दिवस तरी जायचा आणि तोवर मी नवा सेल आणून ठेवायची. साध्या सेलने मला कधी दगा दिला नाही.

दगा दिला तो चार्जिंगच्या सेलने.

आम्ही हैदराबादेत चिक्कडपल्लीला एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी आणि कोपऱ्यात न्हाणी. खाली घरमालकीण, तेलुगू. नवरा मूळचा भालकीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. शिकून इथल्या एका कारखान्यात सुपरवायझर झालेला. त्याला नव्या वस्तूंचा भारी सोस. पूर्वी परदेशी वस्तू म्हणजे कुणाचा तरी मुलगा आखातातून यायचा, त्याच्या सुटकेसमधून चोरटेपणाने निघायच्या. त्या वर्षांत मात्र सगळा बाहेरचा माल उघड्यावर आला. नामपल्लीच्या प्रदर्शनात दरवर्षी लोणची, खेस आणि लाकडी खेळणी बघत फिरणारे लोक आता कॅसेट प्लेअर आणि इमर्जन्सी लाइटच्या स्टॉलपुढे गर्दी करू लागले. तिथेच नवऱ्याला तो चार्जर दिसला. काळा, चपटा, आत चार सेलांची जागा आणि वर लाल दिवा.

"हे भरायचे, वापरायचे, परत भरायचे," तो मला एकेक शब्द ओठांनी नीट घडवून सांगत होता. "तुझी सेलांची कटकट कायमची मिटली."

स्टॉलवाल्याने माझ्या छातीवरची वायर बघितली आणि तो माझ्याशी जरा मोठ्याने बोलू लागला. "पूरा खाली होने देव बाजी, उसके बाद भरो. आधे में भरे तो सेल सुस्त हो जाते."

ही अट नवऱ्याने अगदी मनावर घेतली. आमच्या घरात शास्त्र म्हणजे तो सांगेल ते. सेल पूर्ण संपल्याशिवाय चार्जरला लावायचा नाही, नाहीतर आळशी होतो. मी म्हटलं, माणसांपेक्षा बरा नियम आहे. तेव्हा मला चेष्टा सुचत होती, कारण या सेलचा स्वभाव अजून माझ्या अनुभवाला आला नव्हता.

तो आला भाजीबाजारात. मुलगा कडेवर होता, सात-आठ महिन्यांचा. मी वांग्यांचा भाव करत होते, भाजीवाली मला काहीतरी सांगत होती, आणि मध्येच तिचं तोंड हलत राहिलं आणि आवाज गेला. लांब गेला नाही, बारीक झाला नाही. विजेचं बटण बंद करावं तसा गेला. बाजाराचा सगळा गोंगाट, रिक्षा, हाका, एका क्षणात काहीच नाही. मी डब्यावर टिचकी मारली, चकती फिरवली. त्या गडबडीत दोन पावलं मागे सरकले आणि माझ्या साडीला वारा लागला. वळून बघते तर रिक्षा मला खेटून थांबली होती. रिक्षावाला बाहेर वाकून ओरडत होता. तेलुगू ओठ मला वाचता येत नसत, दखनीही थोडीच यायची, पण त्याचे ते शब्द मला स्वच्छ वाचता आले: बहरी है क्या!

मी मुलाला इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला. तो रडतोय हे मला त्याच्या उघड्या तोंडावरून कळलं.

त्या दिवसापासून मी भीत भीत जगायला लागले. सेल भरलेला असला तरी भीती, अर्धा असला तरी भीती, कारण भरलेला आणि संपत आलेला यात ऐकताना काही फरकच नसायचा. आवाज शेवटपर्यंत खणखणीत असायचा. त्यात नियम असा की संपेपर्यंत वापरायचा, म्हणजे दर वेळी ती अचानकची शांतता अंगावर घ्यायचीच. रात्री चार्जरला लावले की करंट जायचा. लाल दिवा सकाळी मोठ्या दिमाखात पेटलेला असायचा, पण मधे किती वेळ विझला होता ते तो थोडाच सांगणार! भरलेल्या सेलांना मी लाल दोरा बांधायची आणि रिकाम्यांना पांढरा. लाल दोऱ्याचा सेलसुद्धा कधीकधी तासाभरात मान टाकायचा. मी नवऱ्याला म्हटलं, मला आपले साधे सेल आणून द्या. तो म्हणाला, "अगं, सवय होईल." ज्याला दोन्ही कान आहेत त्याला सवयीबद्दल बोलणं सोपं असतं. मला त्याचा राग आला, आणि तो राग मी सोडलाही नाही.

मुलगा रांगायला, मग चालायला लागला तशी भीती वाढली. तो दिसेनासा झाला आणि त्याच वेळी सेल गेला तर? म्हणून मी एक उपाय काढला. मुलाच्या कमरेला काळा करदोडा होताच. त्यात एक लांब नाडी बांधायची आणि तिचं दुसरं टोक माझ्या पदराला. सेल गेला की मी आधी त्याला बांधायची आणि मग बाकीचं बघायची. तो लांब गेला की पदर ताणला जायचा आणि मला कळायचं. आणखी एक गोष्ट त्याने स्वतःच सुरू केली. काही हवं असलं की तो फरशीवर पाय आपटायचा किंवा कपाटावर थाप मारायचा. मी अनवाणी असायची, ती थाप मला तळपायात जाणवायची. मी वळून बघायची आणि तो खूश व्हायचा. मला वाटायचं, खोडकर आहे. त्यापलीकडे मी विचार केला नव्हता.

नवरात्रात सासूबाई आल्या. त्यांना मी तिकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणायची. काटक बाई, शेतात राबून हात राठ झालेले, बोलणं रोखठोक. येताना गावाकडून शेतातला विळा कापडात गुंडाळून आणायच्या, कारण शहरातल्या घरात खंडेनवमीला पुजायला लोखंड कुठून येणार, असा त्यांचा सवाल असायचा. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. विश्वासही नव्हता.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. सेल कधी गेला मला कळलं नाही, कारण एकट्या माणसाला शांतता झाली काय आणि नाही काय. आत मुलगा पलंगावरून पडला होता आणि ओरडत होता. मी आत आले तेव्हा आत्याबाईंनी त्याला उचललं होतं आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मी धावत जाऊन आधी नाडी शोधली आणि त्याच्या करदोड्याला बांधायला गेले, सवयीने. त्यांनी ती माझ्या हातून ओढून घेतली. "लेकराला दावणीला बांधलालीस का? ढोर हाय का ते?"

त्या दिवशी संध्याकाळी मशीन काढून मी भाकरी थापत बसले होते. मशीन काढलेलं असलं की लोक माझ्यासमोर मोकळेपणाने बोलतात, भिंतीसमोर बोलावं तसं. मराठी ओठ मला लांबूनही वाचता येतात हे नवऱ्याला माहीत होतं, पण तो विसरायचा. आत्याबाईंना माहीतच नव्हतं.

त्या मुलाला मांडीवर घेऊन नवऱ्याला सांगत होत्या, "दसरा झाला की मी लेकराला संगं नेते. बोलाया लागलं, जरा जाणतं झालं की आणून सोडते. इथं लेकरू रडू रडू आर्धं व्हईल, हिला कुठं ऐकू येलालंय? एखांद्या दिशी काय व्हऊन बसलं तर?"

नवरा म्हणाला, "माय, तिला काय वाटंल?"

"वाटू दे. लेकरू जितं ऱ्हायला पायजे."

नवऱ्याने मान हलवली. नाही अशी नव्हे.

तव्यावरची भाकरी करपली. मला रडायचंही सुचेना. आत्याबाई खोटं बोलल्या असत्या तर मी भांडले असते, मी काही गरीब गाय नव्हते. पण माझ्या मनात रोज जे येत होतं तेच त्या बोलल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यांच्या पिशवीत माझ्या मुलाची झबली घडी करून ठेवलेली होती, वरच त्याचं लोकरीचं टोपडं.

त्यानंतरचे दिवस मी परीक्षेला बसल्यासारखे काढले. नवऱ्याचा नियम गुंडाळून ठेवला. संधी मिळेल तेव्हा सेल बदलायची, अर्धा संपलेला चार्जरला टाकायची. एक क्षणही बहिरी दिसायचं नाही असं ठरवलं. मुलगा हसला तरी मी "काय रे?" म्हणून मोठ्याने ओ द्यायची, आत्याबाईंना ऐकू जावं म्हणून. पण नेमका तेव्हा करंट फार जात होता. अष्टमीला तर दिवसभर नव्हता. रात्री आला, मी चारही सेल लावले आणि लाल दिव्याकडे बघत झोपले. सकाळी उठून पाहिलं, दिवा होता. जरा हायसं वाटलं. त्यातला एक सेल मी मशीनमध्ये घातला, स्वयंपाकघर आवरलं, मशीन फडताळात ठेवून अंघोळीला गेले.

ओल्या केसांनी बाहेर आले तर देवापुढे पाट मांडलेला. त्यावर विळा. विळ्याशेजारी नवऱ्याचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर, माझी विळी, कात्री, आणि त्यांच्या पुढे माझं मशीन. मशीनशेजारी चार्जर, भिंतीतून उपटून आणलेला. आणि चार्जरपुढे चारही सेल, सुपाऱ्या मांडाव्यात तसे ओळीने उभे. मशीनचं झाकण कसं उघडतं ते नवऱ्याने आईला कौतुकाने दाखवून ठेवलं होतं, त्याचा हा उपयोग. दोरे सोडून बाजूला ठेवले होते. प्रत्येक सेलला वरून आणि खालून, दोन्ही टोकांना, ओल्या हळदीकुंकवाची बोटं लावलेली होती.

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याबद्दल माया दिसली. त्या सावकाश, मला कळेल असं बोलल्या. "ज्येचं हत्यार तेनं पुजावं. तुजं हत्यार हे." मग हात हलवून म्हणाल्या, "आता उद्यापत्तूर हात लावायचा न्हाई."

त्यांच्या गावात त्या दिवशी नांगराला, कुळवाला कुणी हात लावत नाही. पुजलेलं हत्यार दसऱ्याला उचलायचं. आमच्याकडे परभणीलाही तेच होतं. ही रीत मला परकी नव्हती, हीच तर पंचाईत होती. नवरा कारखान्यात पूजेला निघाला होता. तिथेही यंत्रांना हार घालायचे होते. त्याने पाटाकडे पाहिलं, हसला आणि मला विचारलं, "एक दिवस चालेल ना?"

मी नाही म्हणू शकले असते. पण त्या पिशवीतलं टोपडं माझ्या डोळ्यांसमोर होतं. आज हट्ट केला, पुजलेली वस्तू उचलली, तर उद्या पिशवीबरोबर मुलगा जाणार हे नक्की. मी हो म्हणाले.

सकाळचा वेळ कसाबसा गेला. आत्याबाई मुलाजवळच होत्या. नैवेद्य झाला. मग त्यांनी एका ताटलीत प्रसाद घेतला आणि खाली घरमालकिणीकडे द्यायला निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, "बघ हां लेकराकडं." मी मान हलवली. मी कडाकण्या तळत होते. मुलगा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून पळी आपटत होता. नाडी कुठे होती मला माहीत होतं, खुंटीवर. ती आणायला उठायला हवं होतं. पण आत्याबाई दोन मिनिटांत वर येतील आणि परत "ढोर हाय का?" म्हणतील, म्हणून मी उठले नाही. मी दर कडाकणीला मान वळवून बघत होते. आहे. आहे. आहे. मग तेलात एक फुटली, तिचे तुकडे झाऱ्याने काढले, वळले. उंबऱ्यात पळी होती आणि मुलगा नव्हता.

गॅस बंद केला की नाही ते मला आठवत नाही. मी आधी गॅलरीत धावले, कारण तिथल्या गजांमधून त्याचं डोकं जाईल अशी मला नेहमी धास्ती वाटायची. खाली गल्लीत बघायची हिंमत होईना. बघितलं. एक सायकल, एक कुत्रं. जिन्याचं दार बंद. पलंगाखाली नाही. कपाटामागे नाही. मी त्याला हाका मारत होते आणि त्या हाका मारताना मला कळत होतं की हा शुद्ध वेडेपणा आहे. त्याने ओ दिली तर मला काय ऐकू येणार होतं!

मग न्हाणीचं दार लागलेलं दिसलं.

ते दार आत उघडायचं. कडी तुटली होती म्हणून मालकिणीने आतून लाकडी खिट्टी ठोकून दिली होती, एका खिळ्यावर फिरणारी. दार जोरात लोटलं की ती आपोआप आडवी पडायची. आत पाण्याचं पिंप आणि एक मोठा टब, काठोकाठ भरलेला, कारण त्या भागात पाणी एक दिवसाआड यायचं. मी दार ढकललं. हलेना. दाराखालून पाणी येत होतं. माझ्या पायाला ते गार लागलं.

आत तो रडतोय? नळाशी खेळतोय? की टबात पडलाय? दारापलीकडे, हातभर अंतरावर, माझं मूल होतं आणि ते जिवंत आहे की नाही हे मला कळायचा एकच मार्ग होता, आणि तो पाटावर हळदीकुंकवात बसला होता.

मी धावले. देवाची भीती, सासूची भीती, काही उरलं नव्हतं. मशीन उचललं, एक सेल उचलला, साडीला खसाखसा पुसला, आत घातला, वायर कानात. काही नाही. हळद फटीत गेली होती की सेलच रिकामा होता, कोण जाणे. दुसरा घातला. काही नाही. बोटं ओली, सेल निसटून पाटाखाली गेला. तिसऱ्याने एकदा खर्र केलं आणि तोही गेला. मी ते सगळं तिथेच टाकलं आणि परत न्हाणीकडे पळत आले. मी किंचाळत असणार. माझा आवाज किती मोठा झाला होता ते मला कळत नव्हतं, पण तो गल्लीभर गेला असावा, कारण आत्याबाई जिन्यावरून धावत आल्या. पदर पडलेला, हातात रिकामी ताटली.

मी नुसतं दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी ताटली टाकली आणि दाराला कान लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांना दोन्ही कान होते. त्या चेहऱ्यावर आता माझ्या मुलाची बातमी येणार होती.

तो चेहरा पांढरा पडला.

"पाणी," त्यांचे ओठ म्हणाले. "नुस्तं पाणी पडलालंय. लेकराचा आवाज न्हाई."

त्या मागे सरल्या, खांदा पुढे केला, दार तोडायच्या बेताने. मी तोल जाऊन खालीच बसले होते, पाण्यात. आधारासाठी हात दाराच्या खालच्या फळीवर टेकला. आणि त्या फळीत मला काहीतरी लागलं. अगदी बारीक. थप. थप थप. परत थप.

ही थाप मी ओळखत होते. कपाटावरची, फरशीवरची. ती थाप म्हणजे माझ्याकडे बघ.

मी आत्याबाईंचे पाय धरले, अक्षरशः मिठी मारली. "थांबा! ढकलू नका! तो दाराशीच आहे. दाराला चिकटून बसलाय, लागेल त्याला!"

त्यांनी परत कान लावला आणि मान हलवली. नळाच्या धारेपुढे त्यांना काही ऐकू येत नव्हतं. मी त्यांचा हात ओढून माझ्या हाताशेजारी फळीवर दाबला. आम्ही दोघी श्वास रोखून बसलो. थप थप. त्यांचे डोळे मोठे झाले.

त्या उठल्या, देवापाशी गेल्या आणि पाटावरचा विळा उचलून घेऊन आल्या. उद्यापर्यंत हात लावायचा नाही असं सांगणारी बाई, कुंकू लावलेला विळा हातात धरून. पातं दाराच्या फटीत घातलं, खालून वर सरकवलं, खिट्टी पात्यावर आली तशी अलगद उचलली. मी दार खालून बोटभर ढकललं, आणखी बोटभर, आत हात घातला. ओलं, गार, वळवळणारं पोट माझ्या हाताला लागलं.

तो भिजून चिंब झाला होता, ओठ निळसर, दोन्ही तळहात लाल. डोळे कोरडे होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओला हात माझ्या गालावर थाप मारावी तसा ठेवला. मग त्याची नजर आजीकडे गेली आणि त्याने तोंड पसरलं, मान मागे टाकली आणि रडायला लागला. आजीकडे बघून.

मी त्याला सोडेना. आत्याबाई नळ बंद करून तिथेच भिंतीला टेकून बसल्या. आम्ही तिघं किती वेळ त्या पाण्यात होतो, माहीत नाही. नंतर त्यांनी उठून विळा धुतला, पुसला, परत पाटावर ठेवला आणि देवीपुढे कान धरले. पाटाखालचा सेल शोधून बाकीच्यांशेजारी ठेवला. तो त्यांनी उभा केला नाही, आडवाच ठेवला.

संध्याकाळी नवऱ्याने सेलांची टोकं पोलिश कागदाने घासून, रॉकेलच्या बोळ्याने पुसून दिली. मशीन सुरू झालं तेव्हा आत्याबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. हळू बोलल्या, पण मला ऐकू आलं.

"रडलं असतं तर पाण्यात बी मला ऐकू आलं असतं गं. त्ये रडलंच न्हाई. तुला कळंल तसंच बोललालं लेकरू."

मला आनंद व्हायला हवा होता. कुणी कधी माझ्या आईपणाला दिलेली ती सगळ्यात मोठी पावती होती. पण मला भीतीच वाटली, दुपारपेक्षाही खोल. माझ्या मुलाने दीड वर्षात काय शिकून घेतलं होतं? आईला हाक मारून उपयोग नसतो, हे. जिवावर बेतलं तरी त्याने माझ्यासाठी आवाज काढला नव्हता. आजी दिसली तेव्हा काढला. ते सुचल्यावर मी मशीनचा आवाज पार वर चढवला आणि झोपलेल्या मुलाच्या तोंडाशी डबा धरून त्याचा श्वास ऐकत बसले. सेल संपेल, असा विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं वाटून झाली, मुलाने त्यातली दोन खाल्ली. आत्याबाईंची बस संध्याकाळची होती. मी सकाळपासून त्या पिशवीकडे बघायचं टाळत होते. काय ठरलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. विचारलं आणि उत्तर मिळालं तर काय करायचं!

निघायच्या आधी त्यांनी पिशवी पलंगावर ठेवली आणि उघडली. लोकरीचं टोपडं काढलं, झबली काढली, एकेक करून परत फडताळात ठेवली. मग खुंटीवरची नाडी घेतली. मुलाला उभं करून त्याच्या करदोड्यात ती ओवली आणि गाठ मारली. दुसरं टोक घेऊन माझ्याकडे आल्या, माझा पदर हातात घेतला. मशीन कानात होतं, सेल भरलेला होता, सगळं खणखणीत ऐकू येत होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. गाठ बांधून झाल्यावर त्यांनी ती दोनदा ओढून बघितली आणि पिशवी उचलली.